यादीतलं माझं नाव

गेल्या वर्षी मी जर्मनीची नागरिक झाले. जर्मनीचा कायदा आता म्हणतो, जुनं नागरिकत्वही ठेवा, आमची हरकत नाही. हरकत आहे ती आपलीच. तिकडचा पासपोर्ट हातात आला की इकडचा परत करायचा, आणि बदल्यात ओसीआय कार्ड घ्यायचं. त्यावर हवं तेव्हा या, हवं तितकं राहा. मत मात्र देता येत नाही. चाकणच्या कंपनीने मला तिकडच्या कारखान्यात पाठवलं ते फक्त दोन वर्षांसाठी. त्याची बारा झाली. दोन्ही डगरींवर हात ठेवायची माझी तयारी होती, पण इथल्या कायद्याने एक हात सोडायलाच लावला. त्याचा राग मला अजून येतो.

यंदा सुट्टीत कुरुळीच्या पलीकडच्या आमच्या गावी आले, तर ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली आणि आई उभी! शाळेसमोरून कंटेनर सुसाट जातात, तिथे गतिरोधक करा म्हणून ग्रामसभेत तिने दोन वर्षं घसा कोरडा केला. "बघू" याच्यापुढे कुणी गेलं नाही. शेवटी बचत गटातल्या बायांनी तिलाच अर्ज भरायला लावला.

आमच्या वॉर्डात मतं मोजकी. भावकीतलं कुठलं मत कुणाकडे जाणार हे लोकांना तोंडपाठ, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्यांना आणायला गाड्या सुटतात. माझं नाव यादीत होतंच. माझं लग्न झालं, मी परदेशी गेले, तरी लेकीचं नाव गावात राहावं म्हणून वडिलांनी, आमच्या दादांनी, ते कमी होऊ दिलं नव्हतं.

मतदानाच्या सकाळी त्यांनी माझं जुनं मतदार ओळखपत्र कपाटातून काढून पुढ्यात ठेवलं.

"दादा, मला नाही देता येणार. मी आता इथली नागरिक नाही."

"यादीत नाव हाय, कार्डावर फोटू हाय. मंग?"

"गुन्हा आहे तो."

"आगं, बूथवर तुझा चुलताच बसलाय. कोन इचारतंय?"

आई दारात चपला घालत होती. "यायचं तर ये, न्हाईतर ऱ्हाऊ दे," एवढंच बोलून ती निघाली.

मी गेले नाही. खरं सांगते, त्यात तत्त्व थोडं आणि भीती जास्त होती. ओसीआय कार्ड रद्द झालं तर आईला भेटायलाही व्हिसा मागावा लागेल. मी घरात बसून तांदूळ निवडले आणि आलटून पालटून दिल्लीवर, दादांवर आणि स्वतःवर चिडत राहिले.

मतमोजणीत आईची आणि समोरच्या बाईंची मतं सारखी निघाली. अगदी सारखी. मग नियमाप्रमाणे चिठ्ठी काढली, आणि चिठ्ठी समोरच्या बाईंची निघाली. दादांनी माझं ओळखपत्र उचलून परत कपाटात ठेवलं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

दोन दिवसांनी मी नाव वगळायचा अर्ज आणला. हे आधीच करायला हवं होतं, पण तेव्हा माझाही हात धजला नव्हता. आई शेजारी मेथी निवडत होती.

"काय काय लिवलंय त्यात?"

"कारण विचारलंय. मयत, कायमचं स्थलांतर, भारताचा नागरिक नाही. ज्याचं जे असेल त्यावर खूण करायची."

"पयल्यावर नको करू म्हंजे झालं."

मी हसायला गेले, पण तिचं तोंड हसरं नव्हतं. मी नागरिक नसल्याच्या चौकटीत खूण केली, खाली सही केली.

"हरले त्याचं काय न्हाई गं," आई मेथीकडेच बघत म्हणाली. "पन रांगेत हुते तवा मागं वळूनवळून बघत हुते. वाटलं, तू येशील."