मेथीच्या जुडीतली पिवळी काडी

नातीने तिच्या ऑफिसच्या ट्रेनिंगचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर पन्नास गुण छापलेले. "आजी, यातली तुझी मूल्यं कुठली? तीनच निवड."

मी चष्मा लावून पहिली खूण प्रामाणिकपणावर केली. त्यात काय विचार करायचा?

"आता समोर लिही, त्यापायी काय गमावलंस."

इथे घोडं अडलं. चहा दोनदा झाला तरी काही आठवेना. नुसती चिडचिड.

आठवलं ते भलतंच. लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आले तेव्हा सासूबाई मेथीची जुडी बांधताना पिवळ्या काड्या मधे घालायच्या, हिरव्यागार बाहेर. मॅट्रिक झालेल्या आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, सुनावलं, "हे पाप आहे."

"मग बांध तुझ्या पद्धतीनं," सासूबाई म्हणाल्या.

बांधल्या, पिवळ्या काड्या दिसतील अशा. पंचवटीच्या बाजारातून निम्म्या परत आल्या. दुसऱ्या दिवसापासून मी पिवळी काडी अशी लपवायला लागले की सासूबाईंनी माझ्याकडे शिकवणी लावावी. आणि घरी आल्यावर पोरांना, खोटं बोलू नये म्हणून धपाटे.

बाजारात एक बाई मात्र माझी जुडी कधी उघडून बघायची नाही. सरळ पिशवीत. तिच्यासाठी मी वेगळी बांधायचे, आतबाहेर सारखी. एकदा गर्दीत ती वेगळी जुडी दुसऱ्याच कुणाला गेली, आणि या बाईला मी नेहमीतली दिली. देताना कळत होतं मला. दुसऱ्या दिवशी ती आली. जुडीचा बंध सरकवून आत बघितलं, मग घेतली. पुढे रोजच बघायची.

"म्हणजे तिच्या एकटीशीच खरं वागायचीस? बाकीच्यांचं काय?" नातीनं विचारलं.

"बाकीचे बघून घेत होते ना."

"आजी, हा प्रामाणिकपणा नाही."

"मग याला काय म्हणतात ते दाखव तुझ्या पन्नासात."

तिनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सापडेना. मला त्या कागदाचाच राग आला. प्रामाणिकपणावरची खूण खोडली, आणि शेजारी लिहिलं: ती बाई जुडी उघडून बघायला लागली.

"अगं, हा रकाना मूल्य पाळून जे गमावलं त्याच्यासाठी आहे."

"न पाळून गमावलं त्याचा कुठलाय?"

तसा रकाना नव्हता. मग राहू दे तिथंच, म्हटलं. खूण खोडली म्हणून अजून तीनच्या तीन गुण निवडायचेत म्हणे.