अचानक की हळूहळू

आजोबांनी आईच्या तोंडावर स्टीलचा तांब्या मारला तेव्हा मी गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभी होते. आईचा पुढचा दात फरशीवर पडला. ती ओरडली नाही, ओढणी तोंडावर दाबून तिथेच खाली बसली. आजोबा पलंगावरून सांगत होते की गाडी घाटात आहे, मध्ये येशील तर चिरडून टाकीन.

आजोबांनी जन्मभर एसटी चालवली. घरात त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना घरी आणलं. उठता येत नव्हतं म्हणून डायपर. पप्पा सकाळीच ऑफिसला जायचे, त्यामुळे तो बदलायचं काम आईकडे आलं.

आई घरात गाऊन घालते, पण आजोबांसमोर जाताना आजही त्यावर ओढणी घेते. त्यांच्यासमोर ती खुर्चीवर बसलेली मी पाहिलेली नाही. आणि आता त्याच सुनेने त्यांचा डायपर बदलायचा. ती खोलीत आली की आजोबा डोळे मिटून घ्यायचे आणि चादर मुठीत घट्ट धरायचे. मग त्यांनी पाणी पिणंच सोडलं. डायपर जेमतेम ओलसर निघायला लागला. आई म्हणाली, आपल्याला त्रास नको म्हणून बाबा किती सांभाळून राहतात बघ.

त्यानंतर त्यांचं सगळं बिघडलं. पेज भरवताना मध्येच झोपायचे, जागे झाले की हाताला लागेल ते फेकायचे. एकदा माझ्या मनगटाला चावले. दातांची अर्धगोल खूण उठली. मी कॉलेजला लांब बाह्यांचे कुर्ते घालून जायला लागले. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तांब्याच्या दिवशी पप्पा घरी आले, आईचं तोंड पाहिलं आणि सरळ आजोबांच्या खोलीत गेले. त्यांनी आजोबांच्या कानाखाली मारली. मग पुन्हा मारली. आजोबांचं डोकं पलंगाच्या कठड्यावर आपटलं. पप्पांनी आईच्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली आणि आजोबांचे दोन्ही हात कठड्याला बांधले. गाठी मारताना पप्पा रडत होते, तरी गाठी ते ओढून ओढून घट्ट करत होते.

पनवेलच्या बाहेर अशा म्हाताऱ्यांना ठेवणारं एक सेंटर आहे. पप्पांनी तिथे फोन केला. हा माणूस डिमेन्शियाचा पेशंट आहे असं डॉक्टरचं पत्र आणा, मग लगेच घेऊ, असं तिकडून सांगितलं. मारामारी करणाऱ्यांना बांधून ठेवतात, हेही सांगितलं. पप्पा म्हणाले, चालेल.

पत्रासाठी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी आधी ओढणी सोडायला लावली. पप्पा सांगत होते की बाबा वर्षभर विसरतायत, आता हिंसक झालेत.

"हे अचानक झालं की हळूहळू?" डॉक्टरांनी विचारलं.

"हळूहळू," पप्पा म्हणाले.

"नाही."

हे मी बोलले होते. अनोळखी माणसांसमोर मी बोलत नाही, बोललेच तर मराठी अडखळतं. पप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी एक पाऊल मागे सरकले. पण सांगितलं, "पडायच्या आदल्या दिवशी ते मला कार रिव्हर्स घ्यायला शिकवत होते. आत्तासुद्धा सकाळी बरे असतात. संध्याकाळी असे होतात."

डॉक्टरांनी आजोबांना महिने उलटे म्हणायला सांगितलं. आजोबा डिसेंबर, नोव्हेंबर म्हणाले आणि त्यांचे डोळे मिटले. हलवून जागं केलं तर म्हणाले, "हॉर्न दे." मग डॉक्टरांनी लघवीचं विचारलं. आई सुजलेल्या ओठांनी जवळजवळ कौतुकाने म्हणाली, डायपर फारसा ओला होतच नाही.

डॉक्टरांनी ओटीपोट दाबलं. आजोबांनी गुरासारखा आवाज काढला आणि त्यांच्या छातीत बुक्का मारला. डॉक्टरांचा चष्मा पलंगाखाली गेला. तो शोधताना खाली वाकूनच ते म्हणाले, "लघवी तुंबलीय यांची. इन्फेक्शनही असणार. त्याने असा अचानक भ्रम होतो, याला डेलिरियम म्हणतात, हा डिमेन्शिया नाही. पत्र मिळणार नाही, ॲम्ब्युलन्स बोलवा."

हॉस्पिटलमध्ये नळी घातली तेव्हा तिघांनी त्यांना दाबून धरलं होतं. पिशवी भरत गेली. लघवीचा रंग गढूळ होता. शुद्ध मात्र एकदम आली नाही, ये-जा करत राहिली. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, क्लच सोडताना घाई करतेस का अजून?

ते घरी आले. सेंटरवाल्यांचा पुन्हा फोन आला, पप्पांनी नको म्हणून ठेवून दिला. आजोबांचं सगळं आता पप्पाच करतात, ऑफिसच्या आधी आणि नंतर.

आई चहा घेऊन गेली तेव्हा आजोबा तिच्याकडे बघत राहिले.

"सूनबाई, दात कसा गेला?"

"बाथरूममध्ये घसरले, बाबा."

आजोबांनी स्वतःची मनगटं पाहिली. ओढणीचे वळ अजून जांभळे होते. "या घरातलं बाथरूम वाईटच," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

संध्याकाळी पप्पा त्यांचं अंग पुसायला आले. पलंगाच्या वरचा दिवा लावायला त्यांनी हात उचलला. आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि भिंतीकडे सरकले.

पप्पांचा हात बटणावर तसाच राहिला. दिवा त्यांनी लावलाच नाही. आजोबांनी तोंडावरचे हात काढेपर्यंत ते त्या अर्धवट अंधारात ओलं फडकं घेऊन उभे होते.