प्रतिमाताईंची वालपापडी

अमेरिकेतल्या शॉमबर्गची थंडी मे महिन्यातही उलटून येते, हे प्रतिमाताई नाईकांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मूळच्या अलिबागच्या. आपल्या हाताला गुण आहे, हवेचं काय ते बघून घेऊ, एवढं त्यांचं शेतीशास्त्र. एप्रिलमध्ये जरा ऊन पडलं की त्या मागच्या अंगणात वालपापडीचं बी टोचायच्या. ते गारठून कुजायचं. मग मेअखेरीस चारचौघांसारख्या पुन्हा टोचायच्या आणि पहिलं बी खारीनं खाल्लं, असं सांगायच्या. खारीनं हा आरोप वर्षानुवर्षं निमूट सोसला.

गेल्या वर्षी वेल असा माजला की ऑगस्टात कुंपण दिसेनासं झालं. शेंग मात्र एक नाही. तरी मराठी मंडळाच्या ग्रुपवर ताईंनी जाहीर केलं, "यंदा गणपतीच्या जेवणाला घरची वालपापडी!"

"अगं, फूल तरी दिसू दे," नवरा, विष्णू, म्हणाला.

"तुझीच दृष्ट लागते, म्हणून दिसत नाही."

मुलगी अनिका फोनमध्ये बघून म्हणाली, "आई, इट नीड्स शॉर्ट डेज. इथे समरमध्ये दिवस खूप लाँग असतात."

"अलिबागला कोणी दिवस मोजत नव्हतं!"

गणपती आले, बटाट्याची भाजी जेवून गेले. त्यानंतर सवडीनं वेल जांभळ्या फुलांनी लहडला. शेजारची कॅरल, गावच्या गार्डन क्लबचा आधारस्तंभ, फोटो काढायला धावत आली. ताईंनी तिला अंगणभर फिरवलं, जणू फुलांसाठीच सगळा खटाटोप होता.

ऑक्टोबरात फ्रॉस्टचा इशारा आला. ताईंनी पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या चादरी काढल्या. विष्णू शिडीवर चढून वेलाला पांघरूण घालत होता आणि त्या खालून ओरडत होत्या, "हळू! कळ्या मोडतील!" विष्णूच्या हाडांबद्दल त्यांनी काही सूचना केली नाही.

अखेर एका भाजीपुरत्या शेंगा मिळाल्या. त्या तोडताना कॅरलनं पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. "प्रतिमा, नो! दॅट्स पॉयझनस! तो शोभेचा वेल आहे!"

"कोवळ्या शेंगा आम्ही शिजवून खातो गं," ताईंनी तिला इंग्रजीत समजावलं. कॅरल मान हलवत, डोळे पुसत घरी गेली.

ओवा आणि ओलं खोबरं घालून भाजी झाली. ताईंनी पहिला घास घेतला. शेंगा निबर होत्या. "अगदी घरच्यासारखी!" त्या म्हणाल्या. विष्णू चावत राहिला.

सकाळीच बेल वाजली. विष्णूनं दार उघडताच कॅरलनं त्याला घट्ट मिठी मारली. इतक्या मायेनं त्याला बऱ्याच वर्षांत कोणी भेटलं नव्हतं.

हिवाळ्यात क्लबनं ताईंना शोभेच्या वेलांवर बोलायला बोलावलं. त्या पैठणी नेसून गेल्या, फुलांच्या रंगावर भरभरून बोलल्या आणि भाजीचा 'भ'ही काढला नाही. टाळ्या पडल्या. काहींनी बी मागितलं.

यंदा वेल पुढच्या दाराशी चढवलाय. शेंगा तोडायला विष्णूला सक्त मनाई, शोभा जाते म्हणे. ताई देसी दुकानातून फ्रोझन वालपापडी आणतात आणि ती, खरं सांगायचं तर, फार छान लागते.