ताईला न झालेली शिक्षा

माझी थोरली बहीण तापट होती. फूलबाजारात बसणाऱ्या बाईला तसं असावंच लागतं, असं आई म्हणायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, दसऱ्याच्या गर्दीत, जागेवरून ताईचं शेजारच्या फूलवाल्याशी वाजलं. त्याने तिची झेंडूची पाटी पायाने लोटली. ताईने हातातलं वजन फेकून मारलं. त्याचं कपाळ फुटलं. रक्त बघून तीच धावली, पदराने जखम दाबून धरली आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पण टाके पडले होते. त्याच्या भावाने पोलिसांत तक्रार दिली आणि केस उभी राहिली.

ताईचं अंगणवाडीत लागायचं जवळजवळ ठरलं होतं. शिक्षा झाली असती तर तेही गेलं असतं.

"नाकबूल करा," आमचे वकील म्हणाले. "गर्दीत कोणी नीट पाहिलंय?"

"मी मारलंय," ताई म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

तिने कोर्टात गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरवण्याआधी न्यायाधीशांनी तिच्या चौकशीचा अहवाल मागवला. त्यासाठी सरकारी अधिकारी बाई सिन्नरच्या वाटेवरच्या आमच्या मळ्यात आल्या. शेजाऱ्यांशी बोलल्या, आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायल्या. आमच्या वडिलांना, दादांना, त्यांनी मुलीबद्दल विचारलं.

"राग लय हाय तिला," ते म्हणाले. "पण मनात काय ठेवत नाय."

निकालाच्या दिवशी तो फूलवाला बायकोला घेऊन आला. वकिलांनी सांगितलं, पहिलाच गुन्हा आहे, कबूलही केलाय. मग न्यायाधीशांनी फूलवाल्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

"साहेब, पाटी आधी मीच लोटली," तो म्हणाला. "अन् रिक्षात माझं डोकं हिच्याच मांडीवर होतं. तुरुंगात नका पाठवू हिला."

इतका वेळ ताठ उभी असलेली ताई तेव्हा रडली.

न्यायाधीशांनी शिक्षा न देता वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तिला सोडलं. दादा जामीन राहिले. ही केस नोकरीच्या आड येणार नाही, असं वकिलांनी दोनदा समजावलं, तेव्हा कुठे आईचा विश्वास बसला. पुढे ताई अंगणवाडीत लागलीही.

त्या दिवशी आम्ही कोर्टाबाहेर आलो. रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. दादांनी तिशीतल्या ताईचा हात घट्ट धरला आणि तिला पलीकडे नेलं.