नानांचा काढा

नाना गेल्याचा निरोप धुळ्याहून आमच्या घराखालच्या दुकानातल्या फोनवर आला. दुकानदार स्वतः जिन्यापर्यंत आले आणि "बाई, जरा खाली या," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मी समजले, आणि जिना उतरताना माझ्या मनात एकच आलं, की नानांच्या डोळ्यांना काहीतरी झालं. वय झालं होतं, छातीत दुखायचं, त्यातलं काहीच आठवलं नाही... फक्त डोळे. फोनवर भाचा, नानांचा मुलगा, हृदयाचं काहीतरी सांगत होता आणि मी वेड्यासारखी त्याला विचारत होते, "त्यांना दिसत होतं ना रे?" आता महिना उलटून गेला आहे. तो प्रश्न मी का विचारला, हे त्याला एकदा नीट सांगायला हवं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नाना माझे थोरले भाऊ. जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत ते कापूस पारखायचे. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, उजेडात धरायचा आणि कुठल्या प्रतीचा ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि नाना-वहिनींकडेच राहत होते. संध्याकाळी नाना घरी आले, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, की त्यांच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडायचं. वरच्या फळ्यांवर पुस्तकं. शिकारीच्या गोष्टी, जुनी प्रवासवर्णनं, एक ताऱ्यांवरचं, ज्याची शिवण त्यांनी स्वतः दोऱ्यानं घातली होती. खालच्या खणात मऊ पंचात गुंडाळलेलं चांदीचं चिमुकलं माप, मुंबईहून आणलेला जाड बुडाचा ग्लास, शिंगाच्या मुठीचा ओपनर, बर्फ फोडायचा टोचा आणि पाण्यासाठी छोटा तांब्या. ग्लास दुसऱ्या कोणी विसळलेला त्यांना चालत नसे. "देवाची उपकरणीसुद्धा माणूस इतकी घासत नाही," असं मी म्हणायची आणि ते हसून पुस्तक उघडायचे. एक माप व्हिस्की, वाटीभर फुटाणे आणि मांडीवर पुस्तक. वाचता वाचता वाघाची डरकाळी आली की ती आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि स्वयंपाकघरातून वहिनी म्हणायची, "हळू, खाली ऐकू जाईल."

खाली घरमालक राहायचे. मूळचे राजस्थानातले, सोन्यासारखा माणूस, पण सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा मोजून पिणारे आणि दारूच्या वासानं अंघोळ करणारे. घर देतानाच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. दारूबंदीचे दिवस होते. नानांकडे तब्येतीच्या कारणाचं परमिट होतं, म्हणजे सरकारची हरकत नव्हती, पण शेठजींची होती, आणि आमचं घर सरकारचं नव्हतं. म्हणून वहिनीनं व्हिस्कीचं नाव काढा ठेवलं. "ह्यांची काढ्याची वेळ झाली." "काढा संपला वाटतं." पाहुणे आले तरी काढाच. इतकी वर्षं हा शब्द घरात फिरला की आम्हालाही दुसरा आठवेनासा झाला. मला मात्र त्या शब्दाची सुरुवातीपासून भीती वाटायची. खोटं पकडलं जाईल म्हणून नव्हे, वहिनी ते इतक्या सहज बोलायची म्हणून.

एका उन्हाळ्यात पाहुण्यांच्या पाहुणचारात परमिटची बाटली लवकर संपली. फॅक्टरीत कोणा ओळखीच्यानं नानांना एक बाटली दिली. लेबल छान, सील शाबूत. नानांनी नेहमीसारखं माप भरलं, एक घोट घेतला, नाक मुरडलं, पण टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले ते डोकं धरूनच. ऊन लागलं असेल म्हणून वहिनीनं कांदा ठेचायला घेतला. तेवढ्यात फॅक्टरीतला हमाल भिकन धापा टाकत जिना चढून आला. शेठजी अंगणात होते म्हणून त्यानं मला दाराआड घेतलं आणि पुटपुटला, "अक्का, नाना बरा शेतस ना? त्याच मानूसनी बाटली पिईसन आमना दोन जन आंधया व्हयी ग्यात. डोयासले काहीच दिसत नही."

दोघं आंधळे झाल्याचं ऐकून मी आत धावले. खोलीत गेले तर नाना खिडकीशी पुस्तक उघडून बसले होते. त्यांनी भिकनचं ऐकलं होतं. "घाबरू नकोस शांते, हे बघ, वाचतोय," असं म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाक्यं बरोबर होती. न अडखळता वाचत होते. मला हायसं वाटणार, एवढ्यात लक्षात आलं की त्यांचा चष्मा खुंटीवरच्या कोटाच्या खिशात आहे. चष्म्याशिवाय त्यांना एक अक्षर लागत नसे. ते पाठ म्हणत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा ते थांबले. "जिनमध्ये रुई उडते ना, तसं सगळं पांढरं झालंय गं," ते म्हणाले. "तिला सांगू नकोस." नानांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

भिकन डॉक्टरांना आणायला धावला. पण खाली शेठजींनी त्याला अडवलं, नाना आजारी आहेत एवढं ऐकलं, आणि स्वतःच्या टांग्यातून ते स्वतःच डॉक्टरांना घेऊन वर आले. माणुसकी म्हणून आले आणि खुर्ची ओढून नानांच्या उशाशी बसले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, नाडी पाहिली आणि विचारलं, "काल रात्री पोटात काय गेलं?"

"भाकरी, वांग्याची भाजी," वहिनी म्हणाली. "आणि ह्यांचा काढा."

"कसला काढा?"

वहिनी शेठजींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नेहमीचाच. अडुळशाचा."

ती खोटं बोलत होती असं मला आजही म्हणवत नाही. तिच्या तोंडात दुसरा शब्दच उरला नव्हता. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. डॉक्टर बॅग बंद करू लागले, उष्णतेचं औषध देतो म्हणाले. मला घर दिसत होतं, रस्त्यावर आलेलं सामान दिसत होतं, फॅक्टरीच्या मालकांशी असलेली शेठजींची ऊठबस दिसत होती... आणि नानांचे ते उघडे, कुठेच न बघणारे डोळे दिसत होते. मी बोलले. "काढा नाही, डॉक्टर. दारू. चोरटी. तीच पिऊन फॅक्टरीतले दोघं आंधळे झालेत."

डॉक्टरांनी बॅग पुन्हा उघडली. शेठजी उठले, टोपी नीट केली आणि दाराशी गेले. मला वाटलं, संपलं. दाराशी ते पाठमोरेच म्हणाले, "टांगा खाली उभा आहे. औषध आणायचं असेल तर पाठवा." पुढे त्या दिवसाबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत, आणि घरही सोडायला लावलं नाही.

आणायचं औषध काय, तर चांगली दारू. डॉक्टर म्हणाले, विषारी स्पिरिटला शुद्ध दारूच अंगात रोखून धरते, तोवर दवाखान्याची सोय करू. दवाखान्यातून ब्रँडी आली. पंचा सोडून चांदीचं माप वहिनीनं पहिल्यांदाच हातात घेतलं. त्या मापाचा तिला आयुष्यभर राग होता. डॉक्टर सांगतील तितकं ती भरत होती, एक थेंब सांडला तरी तिच्या तोंडून "देवा" निघत होतं. नाना नको नको म्हणत होते आणि ती, जिला त्यांचा एकेक घोट खुपत आला होता, ती "प्या हो, प्या," म्हणून रडत होती. संध्याकाळी त्यांना सिव्हिलमध्ये हलवलं. फॅक्टरीतल्या त्या दोघांची दृष्टी परत आली नाही. नानांची हळूहळू आली, सगळी नाही, पण कापूस पारखण्यापुरती आणि वाचण्यापुरती.

तेव्हापासून वहिनीनं एक नेम धरला. सकाळी चहाआधी नानांनी पुस्तकातली एक ओळ तिला वाचून दाखवायची. त्या सकाळचं मी तिला नंतर सांगितलं होतं, म्हणून पाठ म्हणतील या धास्तीनं पान ती निवडणार, आणि ओळीवर बोट ठेवून ती स्वतः अक्षरं जुळवत पडताळणार. तिसरीपर्यंत शिकलेली ती, नानांपेक्षा मागेच असायची. नोकरी संपली, दोघं मुलाकडे धुळ्याला गेले, नेम सुटला नाही. नाना चेष्टा करायचे, "माझी रोज परीक्षा असते." वहिनीला ती चेष्टा कधी आवडली नाही.

दिवस झाल्यावर मी तिच्याजवळ चार दिवस राहिले. शेवटच्या सकाळचं तिनंच सांगितलं. नानांनी पुस्तक हातात घेतलं आणि तिच्याकडे सरकवलं. "आज तू वाच," म्हणाले. तिला वाटलं डोळेच गेले, तिनं घाबरून विचारलं, "दिसत नाही का?" "दिसतंय," ते म्हणाले, "तू दिसतेस. वाच." ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. एका जोडाक्षराला अडली, ते सांगतील या आशेनं थांबली... बराच वेळ थांबली. मग वर पाहिलं.

ते पुस्तक तिनं मला उघडून दाखवलं. शब्द सोपाच होता. तिनं विचारलं, "काय गं आहे हा?" मी शाळामास्तरीण, आयुष्यभर मुलींना जोडाक्षरं शिकवली. पण तो शब्द नानांनी सांगायचा होता. मी सांगितला नाही, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.