पुस्तकावरचा खडू

“मन्हा डोकामा आते काहीच जात नही, आबा,” असं हर्षदा एकदा बापाला म्हणाली होती. कॉलेजात ती गुजरातीत बोलायची, रिक्षावाल्याशी हिंदीत. फार थकली की घरच्या अहिराणीत. घरात तिचं ते म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. गुजरातेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत बारा तास कापडाचे माग धडधडतात आणि उरलेले बारा तासही. तिथे थकलो म्हणणं म्हणजे आळस.

हे १९९६ सालचं. हर्षदा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गल्लीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. रोज सकाळी साडेसहाला ती मैदानावर खो-खो खेळायची आणि घामेजल्या अंगाने वर्गात जाऊन बसायची. पहिल्या वर्षी तिला अठ्ठावन्न टक्के मिळाले. बाप लोटू, सतरा वर्षं मागावरचा कारागीर, त्याला ते कमी वाटले. एका लाइनवर दोन मोटारी लावल्या की दोन्ही मंद चालतात, एवढं विजेचं ज्ञान त्याला होतं. तेच त्याने मुलीला लावलं. खो-खो बंद.

पुढचा उद्योग मागावरच्याच माणसाला सुचावा. शिफ्ट बदलताना कारागीर कापडावर खडूने रेघ मारतो: इथवर माझं, इथून तुझं. लोटूने पुस्तकात तेच सुरू केलं. संध्याकाळी कामावर जाताना पानाच्या कडेला एक निळी रेघ, सकाळी परतल्यावर ती जिथवर पोचली तिथे दुसरी. मधली पानं म्हणजे मुलीचं काम. वाचता त्याला येत नव्हतं. रेघ पुढे सरकलेली दिसली की तो समाधानाने झोपायचा.

दिवाळीनंतर हर्षदा बसल्या बसल्या पेंगू लागली. एका चाचणीत तिला स्वतःचा रोल नंबर आठवेना. मग सल्ले सुरू झाले. आई मालतीबाई बदाम भिजवू लागली. डॉक्टरने लाल टॉनिकची बाटली दिली. प्राध्यापक म्हणाले, नियमित अभ्यास करा. सगळे शहाणे. ही मुलगी शेवटची धावली कधी, हे एकानेही विचारलं नाही.

रसायनशास्त्राच्या चाचणीत पन्नासपैकी सहा मार्क मिळाले. वार्षिक परीक्षा महिन्यावर आली होती आणि नापास झाली तर शिक्षण थांबवायचं, हे लोटूने आधीच सांगून ठेवलं होतं.

ते मार्क घरी कळले तो मागांच्या सुट्टीचा दिवस होता. गल्ली इतकी शांत की शेजारची फोडणी ऐकू यावी. लोटूने पुस्तक उघडून एकेक रेघ तिच्यापुढे धरली. दीडशे पानं झाली आणि मार्क सहा, म्हणजे पोरगी बापाला फसवते, असं त्याचं म्हणणं.

हर्षदा शांतपणे म्हणाली, “तुम्ही रेघ मारतस, मी पान उलटस. वाचत कोनीच नही.”

मालतीबाईचा हात परातीत थांबला. तिने हळूच सुचवलं, सकाळचा एक तास पोरीला खेळायला जाऊ द्यावं. लोटूला ते पटलं नाही. उलट आता कॉलेजातून आल्यावर तिसरी रेघही मारायची, असं त्याने ठरवून टाकलं. एवढं बोलून तो भिंतीला धरून उठला. आठवडाभर उभं राहून त्याच्या पोटऱ्यांना गोळे आले होते.

“हातपाय आखडी गयात,” तो चप्पल शोधत म्हणाला. “जराखं चालीसन येस. मोकळं वाटी.”

हर्षदा त्याच्या पायांकडे बघत राहिली. मालतीबाईनेही आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. काय बोलून गेलो ते लोटूच्या ध्यानातही आलं नाही. तो वाकून चपलेचा अंगठा नीट करत होता.

हर्षदाने पुस्तक मिटलं, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि वाकलेल्या बापाच्या शेजारून दाराबाहेर पडून ती मैदानाकडे निघाली.