वजा न केलेलं पद

माझे शेजारी दोर्जिवाल आराउजो जन्मभर एकाच प्रश्नामागे होते. विश्व चेंडूसारखं स्वतःतच मिटलेलं आणि तापलेलं असेल, तर त्यातल्या निव्वळ पोकळीची ऊर्जा किती? इथे ब्राझीलमध्ये, जोआंव पेसोआ शहराच्या विद्यापीठात त्यांनी तेच शिकवलं, तेच छापलं.

मी नाटकवाली. पोकळी म्हटलं की मला प्रयोगानंतरचा रंगमंच आठवे. माणसं गेली, दिवे विझले, तरी फळ्या कोमटच. हे सांगितलं तेव्हा सर हसले होते. "दिव्यांचा ताप वजा करा, बाई. उरेल ते माझं."

एडिल्मा शाविएर ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. प्रबंधाची जाहीर परीक्षा तोंडावर आली असताना ती सरांच्या ओट्यावर आली. मी टॅपिओकाची गरम धिरडी घेऊन तिथेच बसले होते.

"सर, तुमच्या सूत्राने न्यूट्रिनो कणांचं गणित केलं. विश्व खूप तापवलं की पोकळीचा वाटा शून्याकडे जायला हवा. हा तर फुगतोय."

"तुझं चुकलं असेल."

"पुन्हा पुन्हा केलं. तापमानाच्या वर्गाचं एक पद तुम्ही वजाच केलेलं नाही."

"मिटलेल्या विश्वाला बाहेर नसतं, पोरी. कशाशी ताडून वजा करू?"

"चौथ्या घाताचं मोठं पद काढलंतच ना? मग त्याचं पिल्लू कशाला पाळलंत?"

सर म्हणाले, "माझ्याच खांद्यावर बसून माझेच कान उपटतेस?"

"तुम्ही नको म्हणालात तर परीक्षेत या दुरुस्तीचं पान दाखवत नाही. पण मग ती पदवी मिरवू कशी?"

"बघतो," एवढंच ते म्हणाले, आणि परीक्षेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

परीक्षेला एडिल्माची आई आणि मावश्या कारिरीहून बसने आल्या. मांडीवर मक्याचा केक घेऊन त्या मागच्या रांगेत बसल्या. एडिल्माने ते पान दाखवलंच.

रेसिफेहून आलेले परीक्षक म्हणाले, "तुमच्या मार्गदर्शकांनी तर हे पद ठेवलंय."

आमच्याकडे मार्गदर्शकच परीक्षेचा अध्यक्ष असतो. विद्यार्थ्याच्या वतीने तो उत्तर देत नाही. एडिल्माने सरांकडे पाहिलं. वाक्य अडलं की नट विंगेकडे असाच बघायचा.

सरांनी चष्मा काढला. "ठेवलं, ते माझं चुकलं. तिला पुढे बोलू द्या."

एडिल्मा उत्तीर्ण झाली. केक कापताना आईने सरांना विचारलं, "मला एक अक्षर कळलं नाही हो. पोरीने तुमचा पाणउतारा तर नाही ना केला?"

"छे! माझं लिखाण इतकं नीट आजवर वाचलंय कुणी?" सरांनी केकचा आणखी एक तुकडा मागून घेतला.

पुढे दुरुस्तीचा छोटा शोधनिबंध दोघांच्या नावाने नियतकालिकाकडे गेला. त्यांच्या क्षेत्रात लेखकांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात, त्यामुळे आराउजो नेहमी पहिले असत. या वेळी शाविएर वर होतं. क्रम चुकलाय का, असं संपादकांनी विचारलं. सरांनी कळवलं, नाही.